आमचे व्याही म्हणतात, आमचं घराणं विल्यमबरोबर आलं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. वर्षातले पाच-सहा महिने मी मुलाकडे लिंकनला असतो. सूनबाई तिथल्याच, लिंकनशायरच्या, त्यामुळे आमचे व्याही अस्सल इंग्रज. माणूस लाखात एक. परसातले बटाटे पिशव्या भरभरून आणून देतात, आमच्या हिच्या हातचं वरण वाटीने पितात. फक्त १०६६ सालाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं.

त्यांच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर एक फ्रेम आहे. पिवळट कागद, मधोमध ढाल, ढालीवर दोन सिंह, खाली लॅटिन ब्रीदवाक्य आणि वर ठसठशीत अक्षरांत त्यांचं आडनाव. आडनाव इथे देत नाही, पण ग्रिम्सबी, व्हिटबीसारखं ते 'बी'ने संपतं एवढं सांगतो. विल्यम द कॉन्करर म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक, ज्याने १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकलं. त्यांचा मूळपुरुष म्हणे त्याच्या जहाजातून नॉर्मंडीहून आला, हेस्टिंग्जला लढला आणि बक्षिसी म्हणून त्याला लिंकनशायरमध्ये जमीन मिळाली.

परवा सात वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन हेच सांगत होते. मी म्हटलं, बाळा, तू अर्धा नाशिकचाही आहेस हो. तर तो म्हणतो, "मग नाशिकच्या आजोबांकडे फ्रेम का नाही?"

त्यात नाताळात सूनबाईंनी त्यांना डीएनए चाचणीचं किट दिलं. निकाल आला: 'इंग्लंड आणि वायव्य युरोप' ऐंशी टक्क्यांच्या वर, उरलेलं स्कॉटलंड आणि थोडं डेन्मार्ककडचं. व्याही म्हणाले, वायव्य युरोप म्हणजेच नॉर्मंडी, झालं सिद्ध! मला काही ते पटलं नाही, पण बोलायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. कागदोपत्री खरंच १०६६पर्यंत जाता येतं का? रक्तात सॅक्सन (नॉर्मनांच्या आधी जर्मनीकडून आलेले) किती आणि नॉर्मन किती हे सांगता येतं का? जाणकारांनी उजेड पाडावा.

विरारफास्ट

विल्यमबरोबर आमचा पूर्वज होता असं सांगणारे सगळे खरे धरले तर ती जहाजं इंग्लिश खाडीतच बुडायला हवी होती. सकाळी ८ ची चर्चगेट फास्ट बरी.

शब्दपारखी

गोदाकाठ, तुमच्या व्याह्यांचा दावा त्यांच्या आडनावातच अडकतोय. 'बी' हा शेवट नॉर्मन नाही, डॅनिश आहे. 'बी' म्हणजे वाडी, गाव. ८६५ साली डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली, पुढे त्यातले पुष्कळ लोक तिथेच जमिनी धरून राहिले. लिंकन हे त्यांच्या पाच मुख्य ठाण्यांपैकी एक. म्हणून लिंकनशायर, यॉर्कशायर भागात 'बी' आणि 'थॉर्प'वाली गावं जागोजाग भेटतात. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेलात की ती संपतात आणि 'टन', 'हॅम' सुरू होतात, ते सॅक्सन-अँग्लियन. 'चेस्टर', 'कास्टर' दिसलं की तिथे कधीकाळी रोमन छावणी होती असं समजावं. नद्यांची नावं मात्र बहुतेक त्याहूनही जुनी, केल्टिक. एव्हन नदीच्या नावाचा अर्थच 'नदी' असा आहे. म्हणजे इंग्रज माणूस 'रिव्हर एव्हन' म्हणतो तेव्हा तो 'नदी नदी' म्हणत असतो. नव्याने आलेल्याने बोट दाखवून विचारलं असणार, हे काय? उत्तर मिळालं, नदी.

नॉर्मन आडनावं ओळखायची तर ती फ्रान्समधल्या गावांवरून आलेली बघा. बोमाँट, मॉर्टिमर, नेव्हिल, पर्सी, डार्सी. किंवा 'फिट्झ' लागलेली. फिट्झ म्हणजे 'चा मुलगा', आजच्या फ्रेंचमधला 'फीस'.

केतकी_लीड्स

@शब्दपारखी, म्हणजे व्याही डॅनिश का? व्हायकिंग? ते तर नॉर्मनपेक्षा भारी! त्यांना सांगून टाका, फ्रेमवर शिंगांचं शिरस्त्राण काढून घेतील.

शब्दपारखी

शिंगं व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला नव्हतीच, ती एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीची देणगी. आणि नाही, डॅनिशही म्हणता येणार नाही. नाव गावाचं आहे, माणसाचं नाही. आपल्या 'कर'चंच बघा. पुण्यात राहणाऱ्याला पुणेकर आडनाव कोण लावतो? तो साताऱ्याला जाऊन राहिला की लोक म्हणतात, हे पुणेकर. इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकात हेच झालं. 'अमुकबी' गावातून कोणी उठून दुसऱ्या गावी गेला, तिथल्या कारकुनाने पट्टीच्या यादीत लिहिलं, 'अमुकबीचा जॉन'. तो जॉन डॅनिश वंशाचा असेल, सॅक्सन असेल, त्याहून आधीच्या ब्रिटनांचा असेल. एकाच गावातून उठलेल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन माणसांनाही तेच आडनाव लागलं असेल.

गोदाकाठ

पुणेकरांचं उदाहरण लगेच पटलं. व्याह्यांना कसं सांगायचं तेवढं बघतो.

दप्तरदार

कागदाबद्दल मी सांगतो. निवृत्तीनंतर मुंबईत एका मित्रासाठी त्याच्या अँग्लो-इंडियन आजोबांचा माग काढला, त्यात दोन वर्षं गेली आणि इंग्लंडच्या नोंदी कशा चालतात ते कळलं. (त्या कामाचा उपयोग इथल्या अनेकांना होईल: ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.)

उलटं चालायचं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून. जनगणनेत सगळ्यांची नावं सापडतात ती १८४१पासून, पण त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ म्हणून बसलाय. १८५१ला जन्मगाव लिहिलं, तिथून खरी वाट फुटते. मग चर्चची रजिस्टरं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली फर्मान काढलं की दर रविवारी पाद्र्याने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. पुष्कळांनी सुट्या कागदांवर लिहिलं आणि ते उंदरांनी खाल्लं. १५९८ साली पुन्हा हुकूम: चामड्याच्या पानांवर नक्कल करा, सुरुवातीपासून, पण 'विशेषकरून' राणीच्या राज्यारोहणापासून. एलिझाबेथ गादीवर आली १५५८ला. त्या 'विशेषकरून'चा फायदा घेऊन कित्येक पाद्र्यांनी आधीची वीस वर्षं सोडूनच दिली. म्हणून असंख्य रजिस्टरं बरोबर १५५८ला सुरू होतात. सरकारी कारकुनी, देश कुठलाही असो.

पुढे १६४२ नंतर यादवी युद्धात पुन्हा खड्डा. थोडक्यात, सामान्य घराण्याचा माग १६००च्या आसपास पोचला तर नशीब म्हणायचं. १५३८च्या मागे जायचं तर पूर्वजाकडे जमीन हवी, नाहीतर खटला हवा. जहागिरीच्या कचेरीचे कागद, १३७७ ते १३८१च्या डोईपट्टीच्या याद्या, जमीनदार मेल्यावरच्या चौकश्या. तिथूनही १०६६पर्यंत सलग साखळी जोडणं म्हणजे अपवादातला अपवाद.

विरारफास्ट

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना कंत्राट द्यायला हवं होतं. नाव, गाव, कोणाचा कोण, सगळं वहीत.

सनातन_सॅक्सन

नॉर्मन नॉर्मन काय लावलंय? आले किती? काही हजार. त्यांच्या आधी जर्मनीकडून आलेल्या अँगल, सॅक्सन, ज्यूट लोकांनी देशाचं नाव बदललं, भाषा बदलली. इंग्लंड म्हणजे अँगलांची भूमी. एसेक्स म्हणजे पूर्व सॅक्सन, ससेक्स दक्षिण सॅक्सन. बीड नावाच्या इंग्रज साधूने ७३१ साली स्वच्छ लिहून ठेवलंय कोण कुठून आलं ते. ब्रिटनांना वेल्सच्या डोंगरात हाकलून दिलं आणि 'वेल्श' हा शब्दच मुळी 'परका' या अर्थाचा. स्वतःच्या देशात परके ठरले बिचारे. नॉर्मन आले ते फक्त साहेब म्हणून.

पेशीरंग

@सनातन_सॅक्सन, अर्धं बरोबर. माझं काम प्रयोगशाळेत डीएनएशीच असतं (माणसांच्या नव्हे, भाताच्या, पण गणित तेच), म्हणून यातले दोन-तीन शोधनिबंध वाचून काढले होते.

बीड लिहितोय तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी. विसाव्या शतकाच्या शेवटी पुष्कळ पुरातत्त्वज्ञ उलट टोकाला गेले: मूठभर योद्धे आले, बाकी लोकांनी त्यांची भाषा आणि पेहराव उचलला. मग २०२२ साली 'नेचर'मध्ये मोठा अभ्यास आला. ४६० जणांचे मध्ययुगीन अवशेष, त्यांतले २७८ इंग्लंडातल्या थडग्यांतले. सुरुवातीच्या मध्ययुगात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडातल्या लोकांच्या वंशातला ७६ टक्क्यांपर्यंत भाग उत्तर समुद्रापलीकडचा निघाला: उत्तर जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क. म्हणजे मूठभर नव्हेत, लोंढाच. बायकाही आल्या होत्या, कुटुंबंच्या कुटुंबं.

पण 'हाकलून दिलं'ही टिकत नाही. त्याच स्मशानांत स्थानिक वंशाचे लोक आहेत, मिश्र वंशाचे आहेत, एकमेकांचे नातेवाईक आहेत. शस्त्रांसह पुरलेले पुरुष दोन्ही वंशांचे निघाले. आजच्या इंग्रजांत तो समुद्रापलीकडचा वाटा २५ ते ४७ टक्के. उरलेला काही जुन्या ब्रिटनांचा आणि काही, हे ऐका, लोहयुगीन फ्रान्ससारखा.

केतकी_लीड्स

फ्रान्ससारखा! म्हणजे नॉर्मन!! व्याही जिंकले!

पेशीरंग

थांबा, फटाके आत ठेवा. तो फ्रान्ससारखा भाग दक्षिण इंग्लंडात सुरुवातीच्या मध्ययुगातल्या थडग्यांतही दिसतो, विल्यमच्या कितीतरी आधी. खाडीच्या दोन काठांवर ये-जा कायमच होती. नॉर्मन आले ते एवढे थोडे, आणि ते स्वतः इतके मिश्र, की त्यांचा वेगळा ठसा लोकसंख्येत उचलून दाखवता येत नाही. नॉर्मन म्हणजे मुळात नॉर्थमन. रोलो नावाच्या व्हायकिंगाला ९११ साली फ्रान्सच्या राजाने सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख देऊन गप्प बसवलं, त्याचे हे वंशज. दीडशे वर्षांत फ्रेंच बायका केल्या, फ्रेंच बोलू लागले.

आणि गोदाकाठ, बाजारातल्या चाचणीचा 'वायव्य युरोप' म्हणजे काय ते समजून घ्या. ती आजच्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना असते. तुमच्या व्याह्यांचा डीएनए आजच्या इंग्लंड-उत्तर फ्रान्स-हॉलंडकडच्या लोकांसारखा आहे, एवढंच ती सांगते. कधी आला, जहाजातून आला की पोहत आला, त्यात लिहिलेलं नसतं. कंपनीने नमुने वाढवले की टक्केही बदलतात. पुढच्या वर्षी त्यांचं डेन्मार्क नाहीसं झालं तर घाबरू नका.

डॅनिश तर आणखी अवघड. २०१५ साली ब्रिटनभरच्या २,०३९ लोकांचा अभ्यास झाला. निवड अशी की चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. त्यात कॉर्नवॉल आणि डेव्हन हे शेजारी परगणेसुद्धा वेगळे पडले, जवळजवळ परगण्याच्या हद्दीवरच. पण डेन लोकांचा स्वतंत्र ठसा काही स्पष्ट सापडेना. कारण उघड आहे, अँगलांचं मूळ गाव आणि डेनांचं घर एकाच द्वीपकल्पावर. चुलतभावाच्या मागून चुलतभाऊ आला तर रक्तावरून कोण आधी आला ते कसं सांगणार?

केंटची_वाट

माझं घर डोव्हरपासून फार लांब नाही. वर ज्या स्मशानांचा उल्लेख आला त्यातलं एक, बकलंड, डोव्हरलाच आहे. आता तिथे घरं आहेत. मी रोज त्या बाजूने बस पकडते आणि हे माहीतच नव्हतं.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार लागली. केंटमध्येच ईस्ट्री गावाजवळ अपडाउन म्हणून जागा आहे. तिथे सातव्या शतकाच्या सुरुवातीची एका लहान मुलीची कबर सापडली. सुरी, सजवलेलं मडकं, कंगवा, अगदी तिथल्या रिवाजाप्रमाणे पुरलेली. तिचे नातेवाईकही त्याच स्मशानात आहेत. आणि तिचा साधारण एक तृतीयांश वंश पश्चिम आफ्रिकेतला. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा तिकडचे असणार. 'शुद्ध सॅक्सन' म्हणवणाऱ्यांच्या स्मशानात तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी ही पोर घरच्यांच्या शेजारी निजलीय. गोदाकाठ, तुमच्या नातवाला ही गोष्ट सांगा. त्याच्याहून थोडीशीच मोठी होती ती.

आदिमानव२

हे सगळं वाचून आपल्याकडच्या आर्यांच्या आगमनाचा

संपादक

आदिमानव२, त्या विषयावर आधीच नऊ धागे आहेत, त्यातले चार कुलूपबंद. इथे लिंकनशायरच्या व्याह्यांबद्दलच बोलूया. प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे.

लाल_कंदील

या वंशावळीच्या वेडाला राजकारण चिकटलेलं आहे हे कोणी बोलतच नाहीये. सतराव्या शतकात राजाविरुद्ध उठलेले लोक म्हणत होते, आम्ही स्वतंत्र सॅक्सन, आमच्या मानेवर नॉर्मन जू ठेवलं गेलं. १६४९ साली चार्ल्स राजाचं मुंडकं उडाल्यावर जेरार्ड विन्स्टनली आणि त्याचे साथीदार पडीक सरकारी-जहागिरी जमिनीवर कुदळ घेऊन भाजीपाला लावायला गेले, तेव्हा त्यांचाही युक्तिवाद हाच: विल्यमने हिसकावलेली जमीन आता रयतेची. जमीनदार मात्र अभिमानाने नॉर्मन. एकोणिसाव्या शतकात साम्राज्य फुगलं तसा सॅक्सन असणं हाच मोठेपणा झाला. ज्याला जे हवं ते रक्त त्याने काढून दाखवलं.

आणि जमीन हिसकावली हे खोटं नाही. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत बघा. वीस वर्षांत अवघं इंग्लंड नव्या मालकांच्या नावावर. थेट राजाकडून मोठी जहागीर धरणारे इंग्रज उरले दोनच, वॉरिकशायरमधला आर्डनचा थर्किल आणि दुसरा लिंकनचा कोल्सवेन.

गोदाकाठ

लिंकनचा?! हा आमचा कोल्सवेन व्याह्यांना सांगायलाच हवा.

दप्तरदार

सांगा. आणि हेही सांगा की १०६६च्या आधीच्या इंग्रज पूर्वजापासून बापाकडून मुलाकडे अशी सलग वंशावळ दाखवणारी घराणी इंग्लंडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यात या थर्किलचं आर्डन घराणं येतं. शेक्सपियरची आई आर्डनच होती, पण तिची शाखा त्याला नेमकी कुठे जुळते यावर वाद आहेत.

विल्यमच्या बाजूचं सांगायचं तर हेस्टिंग्जला नक्की हजर होते असं त्या काळच्या पुराव्यावरून म्हणता येईल अशी नावं पंधरा-वीसच्या पुढे जात नाहीत. बॅटल ॲबीच्या मठातली म्हणून जी लांबलचक यादी मिरवली जाते, तिची मूळ प्रत गायब आहे आणि सोळाव्या शतकातल्या नकलांत मागाहून नावं घुसडलेली आहेत. देणगी देणाऱ्याचं नाव पाटीवर येतं तसंच.

विरारफास्ट

अवांतर: आपले फर्ग्युसन, एल्फिन्स्टन हे पण नॉर्मन का?

शब्दपारखी

दोघेही स्कॉटिश. फर्ग्युसन म्हणजे फर्गसचा पोरगा, एल्फिन्स्टन तिकडच्या जागेवरून. मुंबईच्या गव्हर्नरांत फ्रेंच वळणाचं आडनाव हवं असेल तर सर बार्टल फ्रिअर घ्या. जुन्या फ्रेंचमधला 'फ्रेर', म्हणजे भाऊ किंवा साधू. पण पुन्हा तेच, नाव फ्रेंच म्हणून माणूस फ्रेंच नव्हे. १०६६नंतर शंभरेक वर्षांत इंग्रजांनीच पोरांची नावं विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ठेवायला सुरुवात केली होती. एथेलरेड, वुल्फस्टन मागे पडले. साहेबाचं नाव ठेवायची हौस तिथेही होतीच.

सनातन_सॅक्सन

तरी आडनावाला काहीच अर्थ नाही असं नाही. ग्रेगरी क्लार्क आणि नील कमिन्स या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या पटांवरून दाखवलंय की डूम्सडेमधल्या नॉर्मन जहागीरदारांची आडनावं त्या विद्यापीठांत अजूनही प्रमाणापेक्षा जास्त सापडतात. साडेनऊशे वर्षांनी!

लाल_कंदील

प्रथमच सहमत. तारीख लिहून ठेवा.

पेशीरंग

आता गंमत बघा. दर पिढीला पूर्वज दुप्पट. तीस वर्षांची पिढी धरली तर नऊशे वर्षांत ३० पिढ्या. दोनाचा तिसावा घात म्हणजे १०७ कोटी. विल्यमच्या वेळी इंग्लंडची लोकसंख्या असेल पंधरा-वीस लाख. म्हणजे तेच तेच पूर्वज हजारो वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे ज्या माणसाची मुळं इंग्लंडात आहेत तो कुठल्या ना कुठल्या वाटेने नॉर्मनांचा वंशज असणारच. सॅक्सनांचा, डेनांचाही, आणि ज्या गुलामांची डूम्सडेत फक्त संख्या आहे त्यांचाही.

मग त्या सरदाराचं रक्त अंगात असेलच का? बहुधा थेंबभरही नाही. दहा पिढ्यांमागे तुमचे १,०२४ पूर्वज, त्यातल्या साधारण निम्म्यांचाच डीएनए तुमच्यात पोचतो. तीस पिढ्यांमागच्या एखाद्याचा पोचला असेल तर ती लॉटरी.

माजघर

आणि बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा तरी सरळ असतो का? तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ साली लेस्टरला पार्किंगखाली सापडला. आईकडची बाजू आजच्या नातेवाइकांशी जुळली. बापाकडची मात्र, कागदावर त्याच घराण्याच्या असलेल्या पाच पुरुषांपैकी एकाशीही जुळली नाही. त्या पाचांतही चार आपसांत जुळले आणि पाचवा वेगळाच. राजघराण्याच्या, डोळ्यांत तेल घालून जपलेल्या वंशावळीची ही कथा. बाकीच्यांनी फ्रेमला खिळे जरा हलक्या हातानेच ठोकावेत. बायकांना सगळं माहीत असतं, त्या बोलत नाहीत इतकंच.

विरारफास्ट

माजघर यांना साष्टांग.

दप्तरदार

फ्रेमवरून आठवलं. आडनावाचं मानचिन्ह अशी गोष्टच इंग्लंडात नाही. ढाल मिळते ती एका माणसाला आणि पुढे त्याच्या वंशजांना. ते काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४पासून बघतं. एकाच आडनावाच्या दोघांपैकी एकाला असेल, दुसऱ्याला नसेल. शिवाय वंशपरंपरेने चालणारी ढालीवरची चिन्हं रुळली बाराव्या शतकाच्या मध्यात. हेस्टिंग्जला कोणीही दोन सिंह घेऊन गेलं नव्हतं. कुठून घेतली व्याह्यांनी?

गोदाकाठ

विहीणबाई हळूच म्हणाल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या जत्रेत, संगणकावर आडनाव टाकून काढून देणारा एक स्टॉल होता. यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घेतली.

केतकी_लीड्स

:D :D

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. पण रिकाम्या हाताने आलो नाही.

व्याह्यांना दप्तरदारांची वाट सांगितली. वाद घातला नाही, फक्त म्हटलं, चला, आपण मागे मागे जाऊया, विल्यम भेटतो का बघू. गडी एका पायावर तयार. आधी घरी बसून जनगणना. १८४१ला त्यांचे खापरपणजोबा की त्याच्याही वरचे कोणी सापडले, धंद्याच्या रकान्यात 'अ‍ॅग लॅब'. नातू ओरडला, "लॅब! आपले पूर्वज सायंटिस्ट होते!" ते 'अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर'चं आखूड रूप आहे हे सूनबाईंनी सांगितलं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेतमजूर. त्याचा बाप शेतमजूर. त्याचाही बाप.

मग आम्ही दोघे लिंकनच्या अभिलेखागारात तीन दिवस बसलो. पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल. रजिस्टर मऊ स्पंजच्या उशीवर ठेवतात आणि पान उलटू नये म्हणून त्यावर वजनाची माळ टाकतात, आपल्या पोथीवरच्या फुलांसारखी. आडनाव तीन पाद्र्यांनी तीन तऱ्हांनी लिहिलंय. १७६८च्या लग्नाच्या छापील नोंदीत नवऱ्याच्या सहीच्या जागी फुली. त्याच्या मागे त्या गावात आडनावच नाही. व्याही म्हणाले, इथेच जहागीर होती, मग गेले कुठे?

तिथल्या बाईंनी एक पेटी काढून दिली. १६६२च्या कायद्याने गरीब माणूस कुठल्या गावाच्या माथी, हे ठरवायचे म्हणे. परगावचा मजूर आजारी पडला, काम सुटलं, की दोन न्यायाधीशांसमोर शपथेवर जबानी: जन्म कुठला, वर्षभर नोकरी कुठे केली. आणि मग दिला पाठवून आपल्या गावी. त्या पेटीत त्या फुलीवाल्याच्या बापाची जबानी होती. चार घड्यांचा कागद, घडीवर विरलेला, शाई चहाच्या रंगाची. जन्म हंबर नदीच्या पलीकडे यॉर्कशायरमध्ये. बाप लवकर गेला. बाराव्या वर्षापासून शेतावर चाकरी. एका मालकाने वर्ष पुरं व्हायला आठवडा असताना काढून टाकलं. वर्ष भरलं असतं तर त्याचा त्या गावावर हक्क लागला असता ना!

व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक आठवडा. हलकट." कोणाला ते विचारलं नाही.

दप्तरदार

वा! वर्षाला आठवडा कमी पडेल असं बघून मजुराला काढणं ही तेव्हाची नेहमीची युक्ती. तुम्हाला मिळाला तो कागद सगळ्यांना मिळत नाही. यॉर्कशायरच्या बाजूच्या त्या गावाची रजिस्टरं कुठवर जातात बघितलं का?

गोदाकाठ

१५५८ :) तुम्ही म्हणालात तसंच. सुरुवातीची पानं ओल लागून चिकटलेली आहेत म्हणे. येत्या शनिवारी हंबरच्या पुलावरून पलीकडे जायचं ठरलंय. विहीणबाई सँडविच करणार, आमची ही धपाटे.

माजघर

आणि फ्रेम?

गोदाकाठ

आहे तिथेच आहे. व्याही म्हणतात, पेशीरंग यांच्या हिशेबाने नॉर्मन तर आम्ही आहोतच, मग ती का काढायची? नातवाने मात्र ड्रॉइंगच्या वहीत नाशिकच्या आजोबांसाठी एक ढाल काढलीय. सिंहाच्या जागी बटाटा आहे, का ते विचारू नका.

विरारफास्ट

द्राक्षं काढायला सांगा हो. नाशिकची अब्रू.